नाव वहीत असू द्या, ग्रुपवर नको

काडतुसं विकणाऱ्या दुकानात तुम्ही कधी गेलाय? या हिवाळ्यापर्यंत मीही गेले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांचा बंदुकीशी संबंध म्हणजे वेब सिरीज. फार तर एनसीसीच्या कॅम्पमध्ये आडवं पडून चालवलेली पॉइंट टू टू रायफल, जिथं गोळ्या मोजून हातात देतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात. दुकानात जाऊन, पैसे मोजून, पिशवीत घालून काडतुसं आणायची असतात हे डोक्यातच नसतं.

माझे मामा अकोट तालुक्यात शेती करतात. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पाठीमागं मेळघाट. हरभरा आणि तूर उभी असते तेव्हा रात्री रोह्यांचे कळप उतरतात, रानडुकरं येतात, आणि सकाळी शेत बघवत नाही. जागलीला जाताना मामांसोबत आजोबांची जुनी बारा बोअरची दुनळी असते. परवाना आता मामांच्या नावावर आहे. ती कशासाठी, तर आवाज काढायला. फटाक्यांना जनावरं सरावली, पण दुनळीच्या आवाजाला अजून पळतात, असं मामांचं म्हणणं.

तर डिसेंबरात मी सुट्टीला गेले होते आणि मामांना अकोल्याला जायचं होतं. "चाल वं, कारतूस घेऊन येऊ," असं म्हणाले, जसं काही बियाणं आणायला निघालोत. मला तर विषयच मिळाला. इंटर्नशिप सुरू होऊन महिना झाला होता, माझ्या नावानं एकही बातमी लागली नव्हती, आणि 'दुनळीवाला शेतकरी' हा फीचर मी एसटीत बसल्या बसल्या मनातल्या मनात लिहून काढला.

दुकान छोटं होतं. मालकांनी परवान्याची पुस्तिका घेतली, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मुदत पाहिली, वर्षाला किती काडतुसं घेता येतात आणि त्यातली किती झालीत ते पाहिलं. मग पुस्तिकेत नोंद केली, सही केली. मग काउंटरवरची जाडजूड वही ओढली आणि तिच्यात लिहिलं : नाव, गाव, परवाना क्रमांक, कोणती काडतुसं, किती, तारीख. मामांनी सही केली. सगळं अगदी शिस्तीत.

वही मात्र काउंटरवर उघडीच राहिली, तोंड आमच्याकडे. मामांच्या मागं उभे असलेले एक गृहस्थ मान वाकडी करून वरच्या ओळी वाचत होते. "अरे, हे बी येऊन गेले वाटते," असं कुणाचं तरी नाव घेऊन म्हणाले. मालक हसले. मामा गप्प होते. आणि मी काय केलं? मोबाईल काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला. कुणालाही न विचारता. संध्याकाळी तो आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'भारी विषय मिळालाय.'

दहा-बारा नावं होती त्या पानावर. नावासोबत गाव. पंधरा मिनिटांत एकाचा मेसेज आला, 'अरे, हे तर आमच्या काकांच्या गावचे! यांच्याकडे बंदूक आहे?' तो मामांच्याच नावाबद्दल बोलत होता. मी फोटो डिलीट केला, 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला. पण ज्यांच्या मोबाईलमध्ये फोटो आपोआप सेव्ह होतात, त्यांच्या गॅलरीत तो तसाच राहिला असणार.

चार दिवसांनी मामांचा फोन. गावात एकाशी त्यांचा धुऱ्यावरून जुना वाद आहे. वऱ्हाडात धुऱ्याचा वाद नाही असं शेत दाखवा! तो माणूस चार लोकांत मामांना म्हणाला, "कारतूस आणले म्हणते, आता आमच्यावर चालवता काय?" आणि दुसरीकडं दोन पोरं कुजबुजली की मामा शिकार करतात. मेळघाटच्या कडेला ही कुजबुज हलकी नसते. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक. इथं शिकारीचा संशय म्हणजे काय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, हे मामा मला लहानपणापासून सांगत आलेत.

मामा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मी कारतूस घेतलं हे ठाण्याले माहीत हाय, कलेक्टर हापिसाले माहीत हाय. तुया दोस्ताले काऊन माहीत पाह्यजे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख. फीचर राहिलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण 'प्रायव्हसी' म्हटलं की काहींना वाटतं मी नोंदीच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. काडतूस विकत घेणाऱ्याची नोंद झालीच पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. परवान्याशिवाय काडतूस घेता येत नाही. वयाची २१ वर्षं पूर्ण नसतील तर घेता येत नाही, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्नच मिटला. प्रत्येक परवान्याला एक युनिक क्रमांक असतो आणि तो देशपातळीवरच्या डेटाबेसमध्ये असतो. विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागते, ती अधिकाऱ्यांना तपासता येते. उद्या कुठं गोळी चालली आणि पुंगळी सापडली, तर तपास याच नोंदींच्या आधारानं मागे मागे जातो. हे मला मान्य आहे, मामांना तर माझ्याहून जास्त मान्य आहे.

अमेरिकेत मात्र यावरच मोठं भांडण आहे. तिथं १९६८ च्या कायद्यानं काडतूसविक्रीची नोंद दुकानदारावर बंधनकारक केली होती. १९८६ मध्ये साध्या काडतुसांपुरती ती काढून टाकली. म्हणजे बऱ्याच राज्यांत माणूस दुकानात जातो आणि आपण बिस्किटाचा पुडा आणावा तसा गोळ्यांचा डबा घेऊन येतो. कॅलिफोर्नियानं याच्या उलट केलं. तिथं २०१९ पासून काडतूस घेतानाही पार्श्वभूमी तपासणी सुरू झाली, आणि तेव्हापासून तो कायदा कोर्टाच्या पायऱ्या चढतोय, उतरतोय. 'मी काय घेतलं ते सरकारला कळताच कामा नये' असं तिथल्या एका मोठ्या गटाचं म्हणणं. मला ते पटत नाही. सरकारला कळू दे. गोळी ही काही कादंबरी नाही की ती वाचणाऱ्याचं नाव गुप्त राहावं.

पण सरकारला कळणं वेगळं आणि सगळ्यांना कळणं वेगळं. माझी चूक नेमकी इथं झाली, आणि माझ्याआधी ती जगात मोठमोठ्यांनी केलीय. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हुक शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्क राज्यातल्या 'द जर्नल न्यूज' या वृत्तपत्रानं दोन काउंटींमधल्या पिस्तूल परवानाधारकांची नावं आणि पत्ते नकाशावर टाकले. माहिती कायदेशीर मार्गानं, अर्ज करून मिळवलेली होती. तरी केवढा गदारोळ झाला! चिडलेल्या लोकांनी पत्रकारांचेच पत्ते इंटरनेटवर टाकले, धमक्या आल्या, आणि वृत्तपत्राला आपल्या ऑफिसबाहेर बंदूकधारी पहारेकरी ठेवावे लागले. जानेवारीत नकाशा काढून टाकला. आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात नीतिमत्तेचा अख्खा पेपर असतो, मला त्यात चांगले मार्क आहेत, आणि तरी त्या दिवशी काउंटरपाशी माझा हात मोबाईलकडे गेला तेव्हा यातलं काही आठवलं नाही.

सरकारही चुकतं. २०२२ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाकडून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची माहिती वेबसाइटवर उघडी पडली. नाव, जन्मतारीख, पत्ता. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये बंदुका खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावरून एक लाखाहून जास्त ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि पुढं ती नकाशावर टाकता येईल अशा रूपात फिरली. तिथल्या शेतकऱ्यांची पहिली भीती काय होती माहितेय? चोर. कोणत्या घरात बंदूक आहे याची तयार यादी चोराच्या हातात. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. हंगामात दिवसभर गाव शेतात असतं, घराला कुलूप, आणि दुनळी कुठं तर आजीच्या लुगड्यांच्या पेटीशेजारी कपाटात. माझ्या त्या फोटोत हीच यादी होती, लहानशी.

याच्याविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो मला सोपा वाटत नाही. माझी रूममेट म्हणाली, "शेजाऱ्याकडे बंदूक आहे हे मला कळायला नको का? उद्या त्यानं दारू पिऊन धिंगाणा घातला तर?" धुऱ्यावरून भांडणाऱ्या त्या माणसाच्या जागीही स्वतःला ठेवून पाहिलं. ज्याच्याशी आपला वाद आहे त्यानं काडतुसं आणली हे ऐकल्यावर पोटात गोळा येणारच. पण मग त्यानं काय करायला हवं? चार लोकांत टोमणा मारून त्याची भीती कमी झाली नाही, आणि मामांची बंदूकही कुठं गेली नाही. भीती खरी असेल तर ठाण्यात तक्रार करता येते. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. तक्रार आली की पोलिस तीच वही उघडतील, मामांच्या पुस्तिकेतली नोंद आणि घरातली उरलेली काडतुसं ताडून पाहतील. म्हणजे शेजाऱ्याचं संरक्षण त्या नोंदीतच आहे, पण ती योग्य माणसानं उघडली तर.

'लपवायचं नसेल तर भ्यायचं कशाला' हे वाक्य मला मात्र आता ऐकवत नाही. ज्याला कुणी कधी काही विचारलं नाही, तोच ते म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. तुमच्यातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना हे तोंडपाठ असेल. त्या निकालातलं जे सूत्र आहे ते काडतुसाच्या वहीला लावून बघा. माहिती घ्यायची तर त्यासाठी कायदा हवा : आहे. हेतू योग्य हवा : आहे. आणि हेतूला लागेल तेवढंच घ्यावं, वापरावं. पहिल्या दोन्हींत वही पास. तिसऱ्यात ती नापास होते, पण नापास करणारा कायदा नाही, तर काउंटरवर तिचं तोंड कुणाकडं आहे ही गोष्ट.

आता हीच परीक्षा आपल्या रोजच्या दुकानांना लावा, मग गंमत कळेल. अमरावतीत राजकमल चौकात कुठंही टी-शर्ट घ्या, बिल करताना पहिला प्रश्न : "मॅडम, मोबाईल नंबर?" कशाला? टी-शर्टनं कुणाचा जीव जातो का? कायदा नाही, हेतू नाही, तरी आपण मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे दहा आकडे सांगून मोकळे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना बजावलं होतं की नंबर दिल्याशिवाय बिल अडवू नका. तुमच्यापैकी कितींनी 'नाही देत' म्हणून पाहिलंय? मी मागच्या आठवड्यात म्हणून पाहिलं. काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी चोरलंय, आणि मग स्वतःचा नंबर टाकून बिल काढलं.

मेडिकलचं तर विचारूच नका. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतील, जणू काडतूसच, आणि त्याच दमात नंबर मोठ्यानं विचारतील. काही औषधांसाठी, शेड्यूल एच-वन म्हणतात त्यांना, दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहावंच लागतं, ते ठीक. तेजाबासाठीही सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये लक्ष्मी खटल्यात ओळखपत्र, पत्ता आणि खरेदीचं कारण नोंदवायला लावलं, तेही हवंच. आणि मामांना विचाराल तर ते कृषी केंद्राचं सांगतील. अनुदानाच्या खताच्या गोणीसाठीही आधार क्रमांक सांगून मशीनवर अंगठा टेकवावा लागतो. युरियासाठी अंगठा, काडतुसासाठी सही. यातल्या कितीतरी नोंदी गरजेच्या आहेत. पण नोंद करणाऱ्याला कुणी कधी शिकवलं का, की लिहून झाल्यावर वही मिटायची असते?

नवा डेटा संरक्षण कायदा आहे ना, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होते. २०२३ चा कायदा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. पण तो कायदा डिजिटल माहितीसाठी आहे. कागदावर लिहिलेली आणि कागदावरच राहिलेली नोंद त्यात येत नाही. म्हणजे अकोल्याच्या त्या काउंटरवरची उघडी वही या कायद्याला दिसतच नाही. ती डिजिटल केव्हा झाली? मी फोटो काढला तेव्हा.

याच कायद्यानं माहिती अधिकारातही एक बदल केला, तो पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला खुपतो. पूर्वी कलम ८(१)(जे) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना व्यापक जनहित असेल तर ती द्यायची, असं त्याच कलमात लिहिलेलं होतं. आता ते शब्द तिथून गेले. जनहिताची तरतूद कलम ८(२) मध्ये उरलीय, पण अधिकाऱ्याला नाही म्हणणं सोपं झालं. शेतकऱ्याचं नाव झाकायला मी तयार आहे. पण जिल्ह्यात वर्षाला किती परवाने दिले, किती नाकारले, अर्ज किती महिने पडून राहिले, हे आकडे मला हवेत, आणि ते देताना खासगीपणाची ढाल कुणी पुढं करू नये. एखाद्या पुढाऱ्याला गुन्हे नावावर असताना परवाना मिळाला, तर त्याचं नावसुद्धा हवं. मामा आणि पुढारी यांच्यात हा फरक करता आला पाहिजे. माझ्या फोटोत तो नव्हता, त्यात सगळे सारखेच उघडे पडले होते.

जानेवारीत मी पुन्हा त्या दुकानात गेले, एकटी. फोटोचं सांगितलं आणि माफी मागितली. मालकांना मी फोटो काढल्याचं आठवतही नव्हतं. ते म्हणाले, गिऱ्हाईकच वही चाळतात, ओळखीचं नाव शोधतात, आणि आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, वही काउंटरच्या आत ठेवली, सहीपुरती फिरवली आणि बाकीच्या ओळींवर पुठ्ठा ठेवला तर? ते हसले. "बँकेत पूर्वी सहीला असाच कापलेला पुठ्ठा असे," म्हणाले. पुठ्ठा ठेवतील की नाही माहीत नाही. 'फोटो काढू नये' अशी पाटी लावायचं मात्र कबूल केलं. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात बंदुका जमा करतात तेव्हाही हेच होतं, हे त्यांनीच सांगितलं : रांग, टेबल, टेबलावर यादी, आणि यादीभोवती माना.

ग्रुपवर मी सगळ्यांना लिहिलं की फोटो गॅलरीतून काढा. एकवीस जणांनी अंगठा दाखवला. सहा जणांनी अजून मेसेज बघितलेला नाही.

मामांना मार्चमध्ये पुन्हा अकोल्याला जायचंय, परवान्याच्या नूतनीकरणाच्या कागदांसाठी आणि जमल्यास दुकानातही. परवा फोनवर म्हणाले, "येतं काय सोबत? ये. पण मोबाईल घरी ठेवजो."